इटलीचा किनारा : मुक्काम कुठे, सहल कुठे

इटलीचा समुद्रकिनारा बेटे धरून सुमारे साडेसात हजार किलोमीटर लांब आहे. कुटुंबाच्या मुक्कामाचा विचार करता त्याचे ढोबळ दोन भाग पडतात: एक कड्याचा, एक वाळूचा. आपेनाइन पर्वताची रांग देशाच्या उत्तरेपासून दक्षिण टोकापर्यंत गेली आहे. लिगुरियात आणि नेपल्सच्या दक्षिणेला तिचे फाटे सरळ पाण्यात उतरतात. त्यामुळे तिथली गावे उतारावर एकावर एक चढलेली आहेत, आणि पुळणी लहान, बहुधा गोट्यांच्या आहेत. पूर्वेला, एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर भागात, पो आणि इतर नद्यांनी डोंगरांतला गाळ आणून टाकला, म्हणून तिथे मैलोन्‌मैल सपाट वाळू आहे. या भागात समुद्राची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर भरते. पश्चिमेचा तिरेनियन समुद्र मात्र साडेतीन हजार मीटरहूनही खोल जातो. एड्रियाटिकवरच्या रिमिनीला दहा वर्षांचे मूल कमरेएवढ्या पाण्यात बरेच आत चालत जाऊ शकते. नेपल्सच्या दक्षिणेकडच्या अमाल्फीच्या बाजूला पुष्कळ ठिकाणी काठापासून चार-सहा पावलांवरच पाय टेकेनासे होतात.

ज्या चित्रांमुळे लोक इटलीच्या किनाऱ्याकडे ओढले जातात ती बहुतेक कड्याच्या किनाऱ्याची असतात: पोझितानोची उतरंडीसारखी रंगीत घरे, वेर्नाज्जाचे चिमुकले बंदर, खडकाच्या टोकावर उभे असलेले मानारोला. दोघेच जण निघाले असतील तर या गावांत राहण्यासारखा आनंद नाही. पण तीन पिढ्यांच्या कुटुंबात गुडघे दुखणारी आजी असते, दुपारी झोप लागणारे लहान मूल असते आणि पाण्यातून बाहेर यायला तयार नसलेली दहा-बारा वर्षांची भावंडे असतात. अशा कुटुंबाने राहण्याची जागा आणि पाहण्याची जागा वेगवेगळी धरावी. सपाट गावात, स्टेशन किंवा बोटीचा धक्का चालत गाठता येईल अशा ठिकाणी बिऱ्हाड करावे आणि कड्यावरची गावे दिवसाच्या सहलीत पाहून संध्याकाळी परत यावे. घरातल्या सर्वांत लवकर थकणाऱ्या माणसाला मुक्कामापासून समुद्रापर्यंत दिवसातून दोनदा जाता-येता आले पाहिजे, ही निवडीची पहिली कसोटी. ती लावली की निम्मी नावे आपोआप गळतात.

लिगुरियात ही कसोटी चांगली लागू पडते. जेनोवा शहराच्या दोन्ही बाजूंना पसरलेला हा चिंचोळा प्रांत चिंक्वे तेर्रे या पाच गावांसाठी ओळखला जातो: मोंतेरोस्सो, वेर्नाज्जा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे. दगडी बांध रचून केलेल्या द्राक्षांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीसह हा सगळा टापू १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. पाच गावांपैकी एकट्या मोंतेरोस्सोला म्हणण्यासारखी पुळण आणि थोडीफार सपाटी आहे. बाकीच्या गावांत घर भाड्याने घेणे म्हणजे अरुंद जिन्यांवरून बॅगा वाहणे. कोर्निल्या समुद्रापासून सुमारे १०० मीटर उंच आहे. स्टेशनावरून गावात जाताना पावणेचारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, नाहीतर छोट्या बसची वाट पाहावी लागते. गाडी घेऊन इथे येण्यात तर काहीच अर्थ नाही. गावांच्या आत वाहने जात नाहीत आणि वरचे वाहनतळ लहान व महाग आहेत.

मात्र ही पाचही गावे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. दक्षिणेला ला स्पेत्सिया आणि उत्तरेला लेवांतो ही त्या मार्गाची दोन टोके, आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. दोन गावांमधला प्रवास चार-पाच मिनिटांचा, तोही बहुतांश बोगद्यातून. म्हणून कुटुंबाने लेवांतोला उतरावे. तिथे रुंद उपसागर आहे, पोहता येण्यासारखी पुळण आहे, गल्ल्या सपाट आहेत. किनाऱ्याजवळून पूर्वी जाणारा जुना रेल्वेमार्ग बंद झाल्यावर त्याच्या बोगद्यांतून बोनासोला आणि फ्रामुरापर्यंत सायकलचा रस्ता केला आहे. चढ नसल्यामुळे तो मुलांनाही झेपतो, आणि उन्हाच्या दिवसांत बोगद्यातला गारवा सुखाचा वाटतो. आणखी उत्तरेला सेस्त्री लेवांते हेही तितकेच सोयीचे गाव. दोन उपसागरांच्या मधल्या जमिनीच्या पट्ट्यावर वसल्यामुळे एका बाजूला वारा असला तर दुसऱ्या बाजूला पोहता येते. ला स्पेत्सियाला घरे त्या मानाने स्वस्त मिळतात, पण ते नौदलाचे बंदर आहे. मुलांना रोज समुद्रात खेळायचे असेल तर तिथे राहून भागत नाही.

कांपानिया प्रांतात निवड अधिक अवघड होते, कारण इथे नावांची मोहिनी मोठी आहे. सोरेंतोच्या द्वीपकल्पाच्या दक्षिण अंगावरचा अमाल्फीचा किनाराही १९९७ मध्येच जागतिक वारसा ठरला. कड्याच्या पोटातून जाणारा सुमारे ५० किलोमीटरचा घाटरस्ता या गावांना जोडतो. तो इतका अरुंद आहे की दोन बसगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावे लागते. गर्दीच्या दिवसांत मोटारींना सम-विषम क्रमांकांचा नियमही लावला जातो. वळणांनी ज्यांना मळमळते अशा मुलांना घेऊन या रस्त्यावर रोज ये-जा करण्याचा बेत कोणी आखू नये. पोझितानोत गाडी वरच्या रस्त्याला सोडावी लागते आणि पुढचा प्रवास पायऱ्यांनी होतो. सामान हमालाकडे देता येते, पण आजोबांना पायऱ्या स्वतःच उतराव्या लागतात आणि पोहून झाल्यावर भर उन्हात पुन्हा चढाव्या लागतात. डोंगरमाथ्यावरच्या राव्हेल्लोतून दिसणारा देखावा अप्रतिम असला तरी तिथून समुद्र सुमारे साडेतीनशे मीटर खाली आहे.

या किनाऱ्यावरच राहायचे असे ठरलेच, तर मायोरी आणि मिनोरी ही शेजारची दोन गावे पाहावीत. मायोरीची पुळण सुमारे एक किलोमीटर लांब, या सबंध किनाऱ्यावर सर्वांत मोठी. ऑक्टोबर १९५४ मध्ये आलेल्या भयंकर पुराने गावाचा मोठा भाग वाहून गेला आणि नंतर ते रुंद रस्त्यांनिशी नव्याने बांधले गेले. त्यामुळे त्याला पोझितानोचे रूप नाही, पण लिफ्टच्या इमारती आहेत, बाबागाडी ढकलता येईल असा सपाट रस्ता आहे आणि इटालियन कुटुंबेच इथे जास्त दिसतात. मिनोरीपर्यंत लिंबांच्या बागांमधून पायवाट जाते. तीत पायऱ्या आहेत, पण थोड्या वेळात पार होते.

त्याहूनही बरी निवड म्हणजे सालेर्नो. या शहराकडे पर्यटक केवळ बोट पकडण्यासाठी येतात आणि निघून जातात, हे खरे तर त्या शहरावर अन्याय करणारे आहे. लांबलचक किनारी फेरफटक्याचा रस्ता, मध्ययुगीन गल्ल्या, बाराही महिने चालू असलेली दुकाने आणि स्टेशनावर रोम-मिलानहून थेट येणाऱ्या वेगवान गाड्या, एवढे सगळे इथे एकत्र आहे. नेपल्स रेल्वेने पाऊण तासाच्या आत आहे. जुलै २०२४ पासून जवळच छोटा विमानतळही सुरू झाला आहे. एप्रिल ते ऑक्टोबरच्या सुमारास सालेर्नोहून अमाल्फी व पोझितानोला बोटी सुटतात. अमाल्फीला पोचायला ३५ मिनिटांच्या आसपास लागतात, वळणे नाहीत, आणि कड्यावरची गावे समुद्रातून जशी दिसतात तशी रस्त्यावरून दिसत नाहीत. दक्षिणेला पेस्तुमची ग्रीक मंदिरे आणि त्यापलीकडे चिलेंतोचा वाळूचा किनारा आहे. आग्रोपोली, कास्तेल्लाबाते ही चिलेंतोची गावे परदेशी पर्यटकांना फारशी ठाऊक नाहीत. तिथे आठवडाभर स्वस्थ राहता येते, फक्त मोटार जवळ हवी.

सोरेंतोची गोष्ट कड्यावरची गावे आणि सपाट गावे यांच्या मधली. नेपल्सहून लोकलगाडीने तासाभरात पोचता येते, वाटेत पाँपेईचे अवशेष आहेत, काप्री बेटाच्या बोटी जवळ आहेत आणि शहर वरच्या पठारावर बऱ्यापैकी सपाट आहे. पण ते उभ्या कड्याच्या माथ्यावर आहे. समुद्रावर जायला लिफ्ट किंवा पायऱ्या, आणि खाली वाळूऐवजी बहुतेक खांबांवर उभारलेले लाकडी मंच. पाहण्यावर भर असलेल्या कुटुंबाला सोरेंतो चालेल. वाळूत किल्ले बांधणारी मुले बरोबर असतील तर निराशा होईल.

वाळूचे किल्ले बांधायचे असतील तर रोमान्या प्रदेशाचा एड्रियाटिक किनारा. रिमिनीला पहिले स्नानगृह १८४३ साली उघडले, आणि तेव्हापासून तिथल्या घराण्यांनी पाहुण्यांची सोय हाच धंदा केला. रिमिनी, रिच्चोने, चेझेनातिको, चेर्विया ही गावे किनाऱ्याला लागून एकापुढे एक आहेत. समुद्रापासून दोन-तीन गल्ल्या आत अशी शेकडो छोटी हॉटेले आहेत जी एकच कुटुंब चालवते: आई स्वयंपाकघरात, मुलगा स्वागतकक्षात, वडील सायकली दुरुस्त करताना. इथे तीन वेळच्या जेवणासह खोली घेण्याची पद्धत अजून टिकून आहे. लहान मुलांना मोठी सवलत मिळते, लवकर जेवणारी मुले असतील तर त्यांचे ताट आधी लावतात, उंच खुर्ची, सायकल, वाळूत खेळायची बादली न मागता हजर असते. पुळणीवरच्या प्रत्येक विभागाला क्रमांक असतो, त्यामुळे हरवलेल्या मुलाला आपल्या विभागाचा आकडा तेवढा सांगता आला तरी पुरते. इमारती साध्याच आहेत आणि समुद्राचा रंग काप्रीसारखा निळा नाही. तरीही दहा वर्षांखालील मुले बरोबर असलेल्या कुटुंबासाठी सबंध इटलीत याहून सोपी जागा सापडणे कठीण आहे.

हा भाग केवळ वाळूचा आहे असेही नाही. रिमिनीतच सम्राट ऑगस्टसची इसवी सनपूर्व २७ मधली कमान आणि तिबेरियसच्या काळात पुरा झालेला दगडी पूल उभा आहे. चेझेनातिकोच्या कालव्याच्या बंदराची पाहणी १५०२ मध्ये लिओनार्दो दा विंचीने केली होती. आता तिथे रंगीत शिडांच्या जुन्या होड्या पाण्यातच संग्रहालय म्हणून नांगरलेल्या असतात. रावेन्नाची पाचव्या-सहाव्या शतकांतली मोझेक चित्रे रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहेत, सान मारिनोला बस जाते. मराठी कुटुंबाला इथे आणखी एक धागा सापडतो. दुसऱ्या महायुद्धात याच प्रदेशात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी लढल्या. रावेन्नाच्या पश्चिमेला सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फोर्ली शहरात भारतीय सैनिकांचे युद्धस्मशान आहे आणि अंत्यसंस्कार दहनाने झालेल्यांचे स्मारकही तिथेच आहे. रिमिनीहून बोलोन्याकडे जाणारी रेल्वे फोर्लीला थांबते. अर्धा दिवस काढून तिथे जावेच.

आणखी उत्तरेला व्हेनिसच्या खाजणापलीकडे येझोलो आणि काव्हाल्लिनो ही वाळूची पट्टी लागते. येथील कॅम्पिंगची वसाहत म्हणजे तंबू ठोकण्याचे मैदान समजू नये. स्वयंपाकघर व न्हाणीघरासह दोन खोल्यांची चाकावरची घरे, पाण्याच्या घसरगुंड्या, दुकान, दवाखाना, सगळे एका आवारात असते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना स्वतःच्या मोटारीने आल्प्स ओलांडून इथे येणे सोपे पडते. पुंता साब्बिओनीच्या धक्क्यावरून बोटीने व्हेनिस गाठता येते. व्हेनिसमध्ये खोली घेऊन कालव्यांच्या पुलांवरून बाबागाडी उचलत फिरण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचे आहे.

दक्षिणेत आणि बेटांवर अंतरे वाढतात, रेल्वे विरळ होते आणि मोटारीवाचून चालत नाही. पुल्या प्रांतात ओस्तुनीच्या आसपास जुन्या तटबंदीच्या शेतवाड्यांची पाहुणघरे केली आहेत. ऑलिव्हच्या बागा, पोहण्याचा तलाव आणि मुलांना मोकळे अंगण हा त्यांचा लाभ. समुद्र मात्र आठ-दहा किलोमीटरवर. रेल्वेनेच फिरायचे असेल तर बारी आणि लेच्चेच्या मार्गावरचे मोनोपोली बरे: जुने बंदर, वाळूच्या छोट्या खाचा, आणि फोटोंमुळे प्रसिद्ध झालेले पोलिन्यानो पुढच्याच स्टेशनावर. सिसिलीत कुटुंबाने चेफालू निवडावे. पालेर्मोहून रेल्वेने तासाभरात पोचता येते, नॉर्मन काळातले कॅथीड्रल आणि उथळ वाळूचा किनारा एकमेकांपासून पाच मिनिटांच्या चालीवर आहेत. ताओर्मिना समुद्रापासून सुमारे २०० मीटर उंचावर आहे. तिथे दिवसभरासाठी जावे आणि राहावे खाली ज्यार्दिनी नाक्सोसला. सार्डिनियाचे पाणी इटलीत सर्वांत नितळ, पण वायव्येकडून सुटणारा मिस्त्राल वारा दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबत नाही, आणि गर्दीवर आता निर्बंध आहेत. स्तिंतिनोच्या ला पेलोझा पुळणीवर उन्हाळ्यात दिवसाला १,५०० जणांनाच आधी नाव नोंदवून, शुल्क भरून प्रवेश मिळतो. वाळू किंवा शिंपले पिशवीत भरून नेल्यास दंड होतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

जागेइतकाच महिना महत्त्वाचा. इटलीतल्या शाळा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि सप्टेंबरच्या मध्यास भरतात. १५ ऑगस्टचा फेर्रागोस्तो हा सण हंगामाचा कळस, त्याच्या आगेमागे दोन आठवडे सारा देश समुद्रावर असतो. त्या काळात दर सर्वाधिक असतात, घरे बहुधा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात आणि उष्माही टोकाचा असतो. सिसिलीत सिराकुसाच्या परिसरात ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश सेल्सिअस नोंदले गेले, तो युरोपातला उच्चांक आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुटुंबाची अडचण उलटी असते. शाळांची सुट्टी मे महिन्यात, आणि मेमध्ये समुद्राचे पाणी १८-१९ अंशांच्या आसपास, म्हणजे कोकणच्या समुद्राची सवय असलेल्या मुलांना झोंबणारे. मेमध्ये जायचे असेल तर पोहण्याची आशा थोडी कमी ठेवून लिगुरिया किंवा कांपानिया निवडावे, कारण तिथे चालण्या-पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रोमान्याची हॉटेले तेव्हा नुकती उघडत असतात. जूनचा पहिला आठवडा साधता आला तर उत्तम. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत किनारपट्टीची बरीच हॉटेले हंगाम संपवून बंद होतात, बोटी थांबतात, आणि लिगुरियात शरदातला पाऊस जोराचा असतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात मोंतेरोस्सो आणि वेर्नाज्जाची मोठी हानी झाली होती. त्या दिवसांत सालेर्नो, पालेर्मो, बारी अशी वर्षभर जागी असलेली शहरेच धरावीत.

मुक्कामाच्या जागेचे प्रकार बरेच आहेत. हॉटेलात चारजणांची खोली मिळते, पण पुष्कळदा ती जोडपलंगाच्या खोलीत दोन घडीचे पलंग टाकून केलेली असते. मुले मोठी असतील तर आतून जोडलेल्या दोन खोल्या मागाव्यात. सदनिका घेतल्यास स्वयंपाकघर मिळते आणि आजी-आजोबांना वेगळी खोली. तिथे ओटा किती मोठा आहे हे छायाचित्रात पाहावे, कारण स्वयंपाकाचा कोपरा म्हणून कधी फक्त दोन शेगड्या असतात. इटलीतल्या सामान्य घराची वीजजोडणी तीन किलोवॉटची असते. वातानुकूलन, ओव्हन आणि कपडे धुण्याचे यंत्र एकदम लावले की वीज जाते, म्हणून खटका कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. एक गोष्ट भारतीय कुटुंबाला हमखास आवडते: १९७५ च्या सरकारी आदेशानुसार तिथल्या प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात बिदे, म्हणजे पाण्याने धुण्याचे बेसिन, असावेच लागते. शेतकऱ्याच्या घरचा मुक्काम, अग्रितुरिस्मो, हा तिसरा पर्याय. २००६ च्या कायद्यानुसार तो खऱ्या शेतकऱ्यालाच चालवता येतो आणि शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय असावा लागतो. तोस्कानाच्या मारेम्मा भागात किंवा चिलेंतोत अशी घरे समुद्रापासून थोड्याच अंतरावर सापडतात.

‘समुद्रापासून ३०० मीटर’ या जाहिरातीवर विसंबू नये. नकाशातले सरळ अंतर तेवढे असते, चढ किती ते कळत नाही. घराच्या मालकाला तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, इमारतीत लिफ्ट आहे का, आणि मोटार कुठे उभी करायची. जुन्या गावांच्या गाभ्यात बाहेरच्या मोटारींना मज्जाव असतो. वेशीवरचे कॅमेरे क्रमांक टिपतात आणि दंडाची पावती काही महिन्यांनी भाड्याच्या मोटारीच्या कंपनीमार्फत घरी येते. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनपरवानाही लागतो.

पुळणीचा हिशेबही मुक्कामाच्या हिशेबात धरावा. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी फार थोडी. कोकणात पाणी दिवसातून दोनदा दूरवर आत-बाहेर होते, तसे तिथे होत नाही. त्यामुळे पाण्याच्या काठापर्यंत छत्र्या आणि आरामखुर्च्यांच्या रांगा हंगामभर मांडून ठेवता येतात. या खासगी परवान्याच्या जागांना लीदो किंवा बान्यो म्हणतात. एक छत्री आणि दोन खुर्च्यांना रोमान्यात दिवसाला साधारण २० ते ४० युरो पडतात, पहिल्या रांगेला जास्त. लिगुरिया आणि तोस्कानाच्या वेर्सिलियात दर पुष्कळ चढे आहेत. हॉटेलच्या भाड्यात छत्री धरली आहे की नाही यावर आठवड्याचा खर्च बराच बदलतो. स्पियाज्जा लीबेरा, म्हणजे मोफत पुळण, बहुतेक गावांत असते, फक्त सावली आपली आपण न्यावी लागते. पाण्यालगतच्या पट्टीतून चालण्याचा हक्क मात्र कायद्याने सर्वांना आहे. मुलांसाठी जागा शोधताना इटलीतल्या बालरोगतज्ज्ञांची ‘हिरवा ध्वज’ यादी उपयोगी पडते. वाळू, उथळ पाणी, जीवरक्षक आणि छत्र्यांमधले मोकळे अंतर पाहून ती २००८ पासून केली जाते.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी कुटुंबाला इटली अवघड नाही, पण प्रांताप्रांतात फरक आहे. लिगुरियात फारिनाता हे बेसन, पाणी, तेल आणि मीठ एवढ्यावर भट्टीत भाजलेले धिरडे मिळते. पालेर्मोत बेसनाच्याच वड्या तळतात. पुल्यात वालासारख्या बियांची घोटलेली भाजी कडू पाल्याबरोबर वाढतात. रोमान्याच्या पियादिना या पोळीत परंपरेने डुकराची चरबी असते, म्हणून ऑलिव्ह तेलाची मागावी. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण वापरतात, हे कडक शाकाहारींनी ध्यानात ठेवावे. पेस्तोतही ते चीज असते. हॉटेलात तिन्ही वेळचे जेवण घेण्याआधी शाकाहाराची व्यवस्था लेखी विचारून घ्यावी. जैन जेवण हवे असेल तर स्वयंपाकघर असलेली सदनिकाच घ्यावी. कुकर आणि डाळ-तांदूळ बरोबर नेले की भाजी गावच्या बाजारात ताजी मिळते. खानावळी संध्याकाळी साडेसातच्या आधी क्वचित उघडतात, त्यामुळे लहान मुलांसाठीही ओटा हाताशी असलेला बरा.

पैसे भरण्यापूर्वी कायदेशीर बाजू तपासावी. २०२५ च्या सुरुवातीपासून इटलीतल्या अल्पमुदतीच्या भाड्याच्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा आहे. तो जाहिरातीत आणि इमारतीच्या बाहेर लावावा लागतो. क्रमांक नसलेले घर घेऊ नये. अशा घरांत गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र आणि अग्निशामक नळकांडेही बंधनकारक आहे. पाहुण्यांची नावे पोलिसांना कळवावी लागतात, म्हणून मुलांसकट सर्वांचे पासपोर्ट दाखवावे लागतात. बऱ्याच गावांत दर माणशी दर रात्री काही युरो मुक्कामकर असतो. तो आरक्षणाच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो आणि कित्येक ठिकाणी जागेवर रोख मागतात. किती वर्षांखालच्या मुलांना सूट, हे प्रत्येक नगरपालिका ठरवते. शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल आणि अनामत रक्कम यांचे आकडेही वेगळे लिहून घ्यावेत. कॅम्पिंगच्या घरांत चादरी अनेकदा आपल्या आपण न्याव्या लागतात.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर सगळ्या रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा द्यावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यामुळे मुक्काम आधी ठरतो आणि व्हिसा नंतर हाती येतो, म्हणून रद्द केल्यास पैसे परत मिळतील असेच आरक्षण करावे, थोडे महाग पडले तरी. दहा दिवसांसाठी दोनच ठिकाणे धरावीत. लेवांतोला पाच रात्री आणि सालेर्नोला पाच, किंवा सारा वेळ रोमान्यात. रोज बॅगा भरून निघणारे कुटुंब समुद्रात फारच थोडा वेळ असते. व्हिसा मिळाल्यावर मालकाला पोचण्याची वेळ लेखी कळवावी. छोट्या हॉटेलांत आणि भाड्याच्या घरांत रात्री उशिरा किल्ली द्यायला बहुधा कोणी नसते, आणि मुंबईहून निघालेले विमान उतरून किनाऱ्याची गाडी पकडेपर्यंत अंधार पडू शकतो. तसे होणार असेल तर पहिली रात्र रोम किंवा मिलानच्या स्टेशनाजवळ काढून सकाळच्या गाडीने किनारा गाठावा.